अलेक्सांद्र पोपोव

अलेक्सांद्र स्तेपानोविच पोपोव (१६ मार्च १८५९ – १३ जानेवारी १९०६) हे रशियन भौतिकशास्त्रज्ञ, विद्युत अभियंते आणि बिनतारी संदेशवहनाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक होते. विद्युत्‌चुंबकीय तरंग टिपून पुढच्या तरंगासाठी आपोआप सज्ज होणारा ग्राहक त्यांनी १८९५ मध्ये तयार केला. त्याच वर्षी या ग्राहकाला नोंद घेणारी लेखणी जोडून त्यांनी दूरवरच्या वादळांतील विजांची नोंद करणारे यंत्र सिद्ध केले. हवेतून आलेल्या क्षीण लहरीने तारांनी जोडलेले रिले, घंटा व लेखणी चालवणे हे त्यांच्या कार्याचे मुख्य सूत्र होते. १९०० साली फिनलंडच्या आखातात त्यांच्या बिनतारी दुव्यामुळे बर्फाच्या तुकड्यावर वाहून चाललेल्या मच्छीमारांचे प्राण वाचले. रेडिओचा शोध प्रथम कोणी लावला या वादात इटलीचे गुल्येल्मो मार्कोनी यांच्याबरोबर पोपोव यांचे नाव नेहमी घेतले जाते.

त्या काळी रशियात ज्युलियन दिनदर्शिका वापरात होती. या लेखातील दिनांक ग्रेगोरियन दिनदर्शिकेनुसार दिले आहेत.

प्रारंभिक जीवन आणि शिक्षण

पोपोव यांचा जन्म उरल पर्वतातील तुर्यिन्स्किये रुदनिकी या खाणवस्तीत झाला. ही वस्ती आज स्वेर्दलोव्स्क प्रांतातील क्रास्नोतुरिन्स्क शहराचा भाग आहे. त्यांचे वडील स्तेपान पेत्रोविच हे तेथील चर्चमध्ये धर्मगुरू होते. घर मोठे आणि उत्पन्न बेताचे होते. धर्मगुरूंच्या मुलांना धार्मिक शाळांतून विनामूल्य शिक्षण मिळत असल्यामुळे अलेक्सांद्र यांचे शालेय शिक्षण अशाच शाळांत झाले. पुढे १८७३ ते १८७७ या काळात ते पेर्म येथील धर्मशिक्षण विद्यालयात शिकले. खाणीतील यंत्रे, पंप व पाणचक्क्या यांच्या सहवासात बालपण गेल्याने त्यांना यंत्रांची ओढ लहानपणीच लागली होती.

धर्मगुरू होण्याची परंपरागत वाट सोडून त्यांनी १८७७ मध्ये सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र व गणित विद्याशाखेत प्रवेश घेतला. शिक्षणाचा व राहण्याचा खर्च भागवण्यासाठी त्यांना शिकता शिकता काम करावे लागले. १८८० साली राजधानीत भरलेल्या विद्युत प्रदर्शनात त्यांनी प्रेक्षकांना उपकरणे समजावून सांगण्याचे काम केले, तसेच विजेचे दिवे बसवणाऱ्या एका कंपनीतही नोकरी केली. या कामामुळे विद्युतशास्त्राच्या सिद्धांताबरोबर त्यांना तारा, बॅटऱ्या व जनित्रे यांचे प्रत्यक्ष ज्ञान मिळाले. १८८२ मध्ये त्यांनी विद्यापीठाचे शिक्षण पूर्ण केले.

क्रोनश्टाट येथील अध्यापन

विद्यापीठात राहून संशोधन करण्याची संधी असली तरी त्यातून मिळणारे उत्पन्न अपुरे होते आणि प्रयोगांसाठी साधनेही मर्यादित होती. १८८३ मध्ये पोपोव यांनी सेंट पीटर्सबर्गजवळील क्रोनश्टाट या नाविक तळावरील पाणसुरुंग अधिकारी विद्यालयात अध्यापकाची जागा स्वीकारली. पाणसुरुंग विजेने उडवले जात आणि युद्धनौकांवर विजेचे दिवेही येऊ लागले होते. त्यामुळे नौदलाला विद्युतशास्त्र जाणणारे अधिकारी हवे होते. या विद्यालयाची भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा रशियातील उत्तम प्रयोगशाळांपैकी एक होती. याच वर्षी त्यांचा विवाह राइसा बोग्दानोवा यांच्याशी झाला. राइसा यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले होते. वैद्यकशास्त्राची पदवी मिळवणाऱ्या रशियातील सुरुवातीच्या स्त्रियांत त्यांची गणना होते.

१८८७ मध्ये पूर्ण सूर्यग्रहणाच्या निरीक्षणासाठी सायबेरियातील क्रास्नोयार्स्क येथे गेलेल्या पथकात पोपोव यांचा समावेश होता. १८८९ पासून सुमारे दहा वर्षे उन्हाळ्यात ते निझ्नी नोवगोरोदच्या प्रसिद्ध जत्रेसाठी उभारलेल्या वीजनिर्मिती केंद्राची व्यवस्था पाहत. १८९३ मध्ये त्यांनी अमेरिकेतील शिकागो येथील जागतिक प्रदर्शनास भेट दिली. जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म राँटगेन यांच्या क्ष-किरणांच्या शोधाची वार्ता आल्यावर त्यांनी १८९६ च्या प्रारंभी क्रोनश्टाटमध्ये क्ष-किरणांचे उपकरणही तयार केले. एखादा नवा शोध प्रसिद्ध होताच स्वतःच्या प्रयोगशाळेत तो पडताळून पाहणे ही त्यांची रीत होती.

संशोधनाची पार्श्वभूमी

जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिक हर्ट्‌झ यांनी १८८८ पर्यंत विद्युत्‌चुंबकीय तरंगांचे अस्तित्व प्रयोगाने सिद्ध केले. ठिणगी पाडून तरंग निर्माण करणे सोपे होते. ते ओळखणे मात्र कठीण होते, कारण हर्ट्‌झ यांच्या ग्राहकातील ठिणगी अत्यंत सूक्ष्म असे आणि ती अंधाऱ्या खोलीत जवळून पाहावी लागे.

१८९० मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ एदुआर ब्रँली यांना असे आढळले की, काचेच्या नळीत भरलेला धातूचा कीस एरवी विजेला मोठा रोध करतो, पण जवळपास ठिणगी पडताच त्याचा रोध एकदम घटतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉज यांनी १८९४ मध्ये अशी नळी तरंग ओळखण्यासाठी वापरली. तिला कोहेरर हे नाव मिळाले. मात्र एकदा तरंग येऊन गेला की कीस एकमेकांना चिकटून राही आणि नळीतून प्रवाह चालूच राही. नळीला धक्का दिल्याशिवाय ती पुढचा तरंग ओळखू शकत नसे. लॉज यांनी हा धक्का देण्यासाठी घड्याळी यंत्रणेसारख्या साधनांचा उपयोग केला. ही साधने आपल्या गतीने चालत आणि तरंग केव्हा आला याच्याशी त्यांचा संबंध नसे.

याच सुमारास भारतात जगदीशचंद्र बोस हेही या तरंगांवर संशोधन करत होते. कोलकाता येथे १८९५ मध्ये त्यांनी या तरंगांची जाहीर प्रात्यक्षिके दाखवली. बोस यांचा भर अत्यंत कमी लांबीच्या तरंगांच्या प्रकाशसदृश गुणधर्मांवर होता, तर पोपोव यांचे लक्ष मोठ्या अंतरावरून विश्वासार्ह काम देणाऱ्या ग्राहकाकडे होते.

ग्राहकाची रचना आणि १८९५ चे प्रात्यक्षिक

लॉज यांचे प्रयोग वाचल्यानंतर पोपोव व त्यांचे सहकारी प्योत्र रिबकिन यांनी वेगवेगळ्या धातूंच्या चूर्णांवर अनेक प्रयोग केले. खात्रीने काम देणारा कोहेरर हाती आल्यावर त्यांनी तो दोन विद्युत मंडलांत गुंफला. पहिल्या मंडलात बॅटरी, कोहेरर आणि रिले यांची जोडणी होती. तरंग येताच कोहेररचा रोध घटे, मंडलातून प्रवाह वाहू लागे आणि रिलेचा संपर्क मिटे. त्यामुळे विजेच्या घंटेचे दुसरे मंडल पूर्ण होऊन हातोडी घंटेवर आदळे. परत येताना हीच हातोडी कोहेररच्या नळीवर हलकेच आपटे. त्या धक्क्याने कीस सुटा होई, प्रवाह थांबे आणि ग्राहक पुन्हा सज्ज होई.

अशा रीतीने आलेला तरंगच ग्राहकाला पूर्वस्थितीत आणण्याचे काम करवून घेत असे. तरंग क्षणभर आला तर घंटा एकदाच वाजे, आणि तरंगांची मालिका चालू राहिली तर घंटाही वाजत राही. छोट्या व लांब खुणांनी बनलेल्या मॉर्स लिपीसाठी हा गुण अत्यावश्यक होता. दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी की, कोहेररला स्वतः कोणतेही जड काम करावे लागत नसे. त्याने रिलेला चेतवले की पुढचे काम बॅटरीच्या बळावर होई. म्हणून रिलेच्या पुढे घंटा, लेखणी किंवा तारायंत्र यांपैकी काहीही जोडता येत असे. ग्राहकाला उंच उभारलेली तार जोडल्यास तो अधिक दूरचे तरंग टिपतो, हेही पोपोव यांच्या लक्षात आले.

७ मे १८९५ रोजी सेंट पीटर्सबर्ग येथे रशियन भौतिक व रसायन संस्थेच्या बैठकीत पोपोव यांनी धातूंच्या चूर्णांचा विद्युत आंदोलनांशी असलेला संबंध या विषयावर व्याख्यान दिले आणि आपला ग्राहक दाखवला. या उपकरणाचे सविस्तर वर्णन जानेवारी १८९६ मध्ये संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुरेसे शक्तिशाली तरंग निर्माण करण्याचे साधन मिळाल्यास या उपकरणाने दूर अंतरावर खुणा पाठवता येतील, अशी आशा त्यांनी लेखाच्या शेवटी व्यक्त केली होती.

वादळनोंदक यंत्र

त्या वेळी मोठ्या अंतरावर पोहोचणारे तरंग निर्माण करू शकेल असा प्रेषक पोपोव यांच्याकडे नव्हता. निसर्गात मात्र तसा प्रेषक होता. आकाशात वीज चमकली की प्रचंड विद्युत विसर्जन होते आणि त्यातून विद्युत्‌चुंबकीय तरंग सर्व दिशांना पसरतात. ग्राहक या तरंगांनाही प्रतिसाद देतो हे दिसल्यावर पोपोव यांनी घंटेच्या जोडीला विद्युत्‌चुंबकाने चालणारी लेखणी बसवली. सावकाश फिरणाऱ्या दंडगोलावरील कागदावर ही लेखणी प्रत्येक विसर्जनाची खूण उमटवी.

१८९५ च्या उन्हाळ्यात हे यंत्र सेंट पीटर्सबर्गच्या वनशास्त्र संस्थेतील हवामान वेधशाळेत बसवण्यात आले. सुमारे ३० किलोमीटरपर्यंतच्या अंतरावरील विजा त्यात नोंदल्या जात. ढग क्षितिजावर दिसण्याआधी किंवा गडगडाट ऐकू येण्याआधी कागदावर खुणा उमटू लागत. कोणीही समोर बसून न राहता यंत्राने दूरची नैसर्गिक घटना टिपावी आणि वेळेसह तिची नोंद ठेवावी, ही गोष्ट हवामानशास्त्रात नवी होती. १८९६ मध्ये निझ्नी नोवगोरोद येथे भरलेल्या अखिल रशियन प्रदर्शनात हे यंत्र मांडण्यात आले व त्याचा गौरव झाला. रशियात ते ग्रोझोओत्मेतचिक, म्हणजे वादळाची खूण करणारे, या नावाने ओळखले जाते.

नौदलातील प्रयोग

१८९६ च्या उत्तरार्धात मार्कोनी यांच्या ब्रिटनमधील प्रयोगांच्या बातम्या येऊ लागल्या, आणि त्यानंतर पोपोव यांनी संदेशवहनाच्या प्रयोगांना वेग दिला. नौदलाने या कामास संमती दिली, परंतु निधी अल्प होता. १८९७ च्या वसंत ऋतूत क्रोनश्टाट बंदरात सुमारे ६४० मीटर अंतरावर संदेश पोहोचला. त्याच उन्हाळ्यात फिनलंडच्या आखातात एवरोपा व आफ्रिका या जहाजांदरम्यान सुमारे ५ किलोमीटर अंतर गाठता आले.

या प्रयोगांत एक अनपेक्षित गोष्ट आढळली. लेफ्टनंट इल्यिन ही नौका दोन्ही जहाजांच्या मध्ये आली की संदेश खंडित होई आणि ती दूर गेली की पुन्हा सुरू होई. पोपोव यांनी आपल्या अहवालात याची नोंद केली. जहाजाचे धातूचे अंग विद्युत्‌चुंबकीय तरंग अडवते हे यातून स्पष्ट झाले. पुढे रडारचा पाया ठरलेल्या तत्त्वाच्या प्रारंभिक निरीक्षणांत या नोंदीचा उल्लेख केला जातो.

पॅरिसमधील उपकरण-उत्पादक यूजीन ड्युक्रेते यांनी १८९८ पासून पोपोव यांच्या पद्धतीची उपकरणे बनवण्यास प्रारंभ केला. रशियात अशी उपकरणे तयार करणारा कारखाना तेव्हा नव्हता. रशियन नौदलासाठी लागणाऱ्या यंत्रांचा काही भाग त्यामुळे फ्रान्समधून आणावा लागला.

टेलिफोन ग्राहक

१८९९ मध्ये पोपोव परदेश दौऱ्यावर असताना रिबकिन आणि क्रोनश्टाट किल्ल्यातील संदेशवहनाचे प्रमुख कॅप्टन द्मित्री त्रोइत्स्की यांना एक महत्त्वाचा शोध लागला. संदेश इतका क्षीण होता की रिले हलत नव्हता. जोडणीत कोठे दोष आहे हे पाहण्यासाठी त्यांनी कोहेररच्या मंडलाला टेलिफोनचा श्रवणक जोडला, तेव्हा त्यात मॉर्सच्या खुणा स्पष्ट ऐकू आल्या. कळवताच पोपोव परतले. त्यांनी या घटनेचा अभ्यास करून टेलिफोन ग्राहक विकसित केला आणि त्यासाठी रशिया व इतर देशांत एकस्वे मिळवली. रिले चालवण्यासाठी लागणाऱ्या प्रवाहाच्या मानाने कानाला ऐकू येण्यास फारच कमी प्रवाह पुरतो. त्यामुळे संदेशवहनाचे अंतर एकदम वाढले. या सुधारणेचा खरा कस पुढच्याच हिवाळ्यात लागला.

गोगलांड येथील बचावकार्य

नोव्हेंबर १८९९ मध्ये जनरल-अॅडमिरल आप्राक्सिन ही किनारारक्षक चिलखती युद्धनौका हिमवादळात वाट चुकून फिनलंडच्या आखातातील गोगलांड बेटाजवळील खडकांवर चढली. हिवाळा तोंडावर होता. वसंत ऋतूत बर्फ फुटू लागल्यावर त्याच्या रेट्याने जहाजाचा चुराडा होण्याची भीती होती, म्हणून ते त्यापूर्वी सोडवणे आवश्यक होते. या कामासाठी राजधानीशी सतत संपर्क हवा होता, पण बेटावर तारायंत्र नव्हते. गोठलेल्या समुद्रातून केबल टाकणे त्या ऋतूत शक्य नव्हते. सर्वांत जवळचे तारायंत्र फिनलंडच्या किनाऱ्यावरील कोट्का येथे होते आणि ते बेटापासून ४५ किलोमीटरहून अधिक दूर होते.

कोट्काजवळ व गोगलांडवर बिनतारी केंद्रे उभारण्याचे ठरले. कोट्का येथील केंद्र पोपोव यांनी सांभाळले, तर रिबकिन गोगलांडला गेले. साहित्य व माणसे बर्फातून बेटावर नेण्यासाठी येर्माक या बर्फफोड्या जहाजाचा उपयोग झाला. बेटावरील कड्यावर कडाक्याच्या थंडीत व वादळी वाऱ्यात तारेसाठी उंच खांब उभारावा लागला. सेंट पीटर्सबर्गहून तारेने कोट्काला आलेला संदेश तेथून बिनतारी मार्गाने बेटावर जाई आणि उत्तर उलट दिशेने येई. अशा प्रकारे साम्राज्याच्या तारांच्या जाळ्याला समुद्रातील बेट बिनतारी दुव्याने जोडले गेले.

फेब्रुवारी १९०० च्या सुरुवातीस, दोन्ही केंद्रांतील संपर्क नुकताच प्रस्थापित होत असताना, राजधानीहून एक तातडीचा आदेश आला. लाव्हेनसारी बेटाजवळ बर्फाचा मोठा तुकडा तुटून मच्छीमारांसह खुल्या समुद्राकडे वाहत चालला होता, आणि गोगलांडपाशी उभ्या असलेल्या येर्माकने तत्काळ मदतीस जावे असा तो आदेश होता. कोट्काहून पोपोव यांनी पाठवलेला हा संदेश रिबकिन यांनी गोगलांडवर टिपला. येर्माक निघाले आणि २७ मच्छीमारांना सुखरूप घेऊन परतले. बिनतारी संदेशामुळे समुद्रात प्राण वाचल्याच्या सर्वांत जुन्या प्रसंगांपैकी हा एक आहे.

हा दुवा एप्रिलपर्यंत कार्यरत राहिला व त्यावरून सुमारे ४४० अधिकृत तारा पाठवल्या गेल्या. आप्राक्सिनही अखेर खडकावरून सोडवण्यात आली. या यशानंतर रशियन नौदलाने आपल्या जहाजांवर बिनतारी यंत्रणा बसवण्याचा निर्णय घेतला. पोपोव यांना ३३,००० रुबलचे पारितोषिक देण्यात आले. १९०० मध्येच क्रोनश्टाट येथे उपकरणे बनवण्याची व दुरुस्त करण्याची कार्यशाळा सुरू झाली आणि पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात पोपोव यांना सुवर्णपदक मिळाले.

कार्यशाळेची क्षमता मात्र नौदलाच्या गरजेपेक्षा फार कमी होती. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात अतिपूर्वेकडे निघालेल्या रशियन आरमारावर मुख्यतः जर्मन बनावटीची बिनतारी यंत्रे होती.

शोधाच्या अग्रहक्काचा वाद

मार्कोनी यांनी जून १८९६ मध्ये ब्रिटनमध्ये एकस्वासाठी अर्ज केला. त्यांच्या उपकरणाचा तपशील १८९७ च्या उन्हाळ्यात प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातील ग्राहकात कोहेरर, रिले व हातोडी अशीच मांडणी असल्याचे दिसले. आपल्या पूर्वप्रसिद्ध उपकरणाशी असलेले हे साम्य पोपोव यांनी इंग्लंडमधील विद्युतविषयक नियतकालिकास पत्र लिहून निदर्शनास आणले. आपल्या १८९५ च्या ग्राहकासाठी त्यांनी एकस्व घेतलेले नव्हते.

मार्च १८९६ मध्ये पोपोव यांनी याच संस्थेच्या बैठकीत सुमारे २५० मीटर अंतरावर हर्ट्‌झ यांचे नाव मॉर्स लिपीत पाठवून दाखवले, असे काही सहकाऱ्यांनी अनेक वर्षांनंतर लिहिलेल्या आठवणींत म्हटले आहे. तसे असल्यास तो मार्कोनी यांच्या अर्जापूर्वीचा संदेश ठरतो. परंतु बैठकीच्या इतिवृत्तात अशा संदेशाचा उल्लेख नाही. त्यामुळे अनेक इतिहासकार हा दावा सिद्ध झाल्याचे मानत नाहीत. नौदलाच्या सेवेत असल्यामुळे पोपोव यांच्यावर गुप्ततेचे बंधन होते असे स्पष्टीकरण रशियन लेखक देतात.

१९०८ मध्ये रशियन भौतिक व रसायन संस्थेच्या समितीने या प्रश्नाचा विचार करून पोपोव यांच्या बाजूने मत दिले. ब्रँली व लॉज यांच्याकडूनही समितीने माहिती मागवली होती. संदेशाच्या तरंगाकडूनच कोहेररला धक्का देववण्याची कल्पना प्रथम पोपोव यांनी अमलात आणली, हे लॉज यांनी मान्य केले. दुसऱ्या बाजूस, बिनतारी संदेशवहनाला व्यापारी सेवेचे रूप देऊन ते महासागरापार नेण्याचे श्रेय मार्कोनी यांच्याकडे जाते. १९०९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मार्कोनी आणि जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांना विभागून देण्यात आले. त्यापूर्वीच पोपोव यांचे निधन झाले होते.

अखेरची वर्षे आणि मृत्यू

१९०१ मध्ये पोपोव सेंट पीटर्सबर्गच्या विद्युत अभियांत्रिकी संस्थेत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९०५ च्या क्रांतीच्या काळात उच्च शिक्षणसंस्थांना आपला संचालक निवडण्याचा अधिकार मिळाला, तेव्हा संस्थेच्या अध्यापकांनी त्यांची निवड केली. ते या संस्थेचे पहिले निर्वाचित संचालक होते.

विद्यार्थ्यांच्या सभा व आंदोलने यांमुळे शिक्षणसंस्थांवर सरकारचा रोष होता. संस्थेच्या अध्यापक मंडळाने दडपशाहीविरुद्ध भूमिका घेतली आणि पोपोव या भूमिकेशी ठाम राहिले. संस्थेत पोलिसी हस्तक्षेप होऊ द्यावा यासाठी आलेला दबाव त्यांनी मानला नाही. त्यांची प्रकृती आधीच खालावली होती. वरिष्ठ अधिकाऱ्यांशी झालेल्या तणावपूर्ण चर्चेनंतर मेंदूतील रक्तस्रावाने १३ जानेवारी १९०६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे वय ४६ वर्षांचे होते. सेंट पीटर्सबर्गच्या वोल्कोवो दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

वारसा

पोपोव यांच्या १८९५ च्या प्रात्यक्षिकाच्या पन्नासाव्या वर्षी, १९४५ मध्ये, सोव्हिएत संघाने ७ मे हा रेडिओ दिन म्हणून घोषित केला. रशियात तो आजही पाळला जातो. सेंट पीटर्सबर्ग येथील संदेशवहनाच्या मध्यवर्ती संग्रहालयाला त्यांचे नाव दिले आहे, तर ते संचालक असलेल्या संस्थेत त्यांचे स्मृतिसंग्रहालय आहे. २००५ मध्ये विद्युत व इलेक्ट्रॉनिक अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, म्हणजे आयट्रिपलईने, त्यांच्या १८९५ च्या कार्याला अभियांत्रिकीच्या इतिहासातील मैलाचा दगड म्हणून मान्यता दिली. चंद्राच्या पलीकडील बाजूवरील एक विवर आणि ३०७४ पोपोव हा लघुग्रह त्यांच्या नावाने ओळखले जातात.

कोहेरर विसाव्या शतकाच्या आरंभीच कालबाह्य झाला. त्याची जागा स्फटिकाच्या व नंतर निर्वात नलिकेच्या शोधकांनी घेतली. वादळनोंदकामागील कल्पना मात्र टिकून राहिली. विजांपासून निघणाऱ्या रेडिओ तरंगांवरून त्यांचे स्थान ठरवणारी केंद्रांची जाळी आज जगभर कार्यरत असून विमानवाहतूक, वीजपुरवठा व हवामानाचा अंदाज यांसाठी त्यांच्या नोंदी वापरल्या जातात. तारांनी जोडलेल्या संवेदकांच्या नोंदी बिनतारी दुव्याने दूरच्या केंद्रापर्यंत पोहोचवण्याची पद्धतही आता कारखाने, धरणे व हवामान केंद्रे यांच्या नित्य व्यवहाराचा भाग झाली आहे.